तिसऱ्या मात्रेवरचा जावई

मंडईला सासुरवाडीत येणाऱ्या जावयाकडून आमच्या पूर्व विदर्भात फार अपेक्षा नसतात. त्याने यावं, वडे-पुऱ्या पोट तुडुंब होईस्तोवर खाव्यात, मेहुण्यांच्या पोरांना आकाशपाळण्यात बसायला पैसे द्यावेत आणि धानाबद्दल मत देऊ नये. एवढं जमलं की जावई गुणी. लग्नाला इतकी वर्षं झाली, या चौकटीत मी बऱ्यापैकी बसत आलो होतो. मग पन्नाशीच्या तोंडावर मला पियानो शिकायची बुद्धी झाली.

या वयात माणसाला काही ना काही लागतंच. कुणाला साखर लागते, कुणाला बुवा. आमच्या कार्यालयातले एक गृहस्थ ट्रेकिंगला लागले आणि आता जिना चढताना देवाचं नाव घेतात. मला पियानो लागला. नागपुरात आमच्याच इमारतीत, आमच्या दोन मजले खाली, एक तरुण मॅडम लहान मुलांना पियानो शिकवतात. त्यांच्या वर्गात सर्वांत उंच विद्यार्थी मी. माझ्या आधीच्या तासाला जी मुलगी येते तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत आणि माझे हात तिच्या वेगापर्यंत. घरी अर्थातच पियानो नाही. एकसष्ट पट्ट्यांचा इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड आहे. कंपनी कोणतीही असो, आपल्याकडे त्याला कॅसिओच म्हणतात.

वर्षभर बोटं झिजवल्यावर मॅडमनी एक कागद पुढे ठेवला. फ्रेडरिक शोपाँचा माझुर्का, ओपस 68, क्रमांक 2. "सोपा आहे काका," त्या म्हणाल्या. "संथ आहे. धावाधाव नाही. आणि तीनच मात्रा." पियानोच्या मास्तरणीने ‘तीनच मात्रा’ म्हणावं आणि आपण विश्वास ठेवावा, इथून पुढचं सगळं रामायण आहे.

माझुर्का म्हणजे मूळचा पोलंडमधल्या माझोविया भागातला खेड्यातला नाच. त्याचं घराणं मोठं. माझुर ताठ मानेचा, टाचा आपटणारा. कुयावियाक संथ, डोळे मिटून घोळणारा. ओबेरेक म्हणजे नुसती गरगर. तिन्ही तीन मात्रांचे, आणि तिघांचीही खोड एकच: जोर पहिल्या मात्रेवर यायला हवा तिथे येत नाही. कधी दुसरीवर येतो, कधी तिसरीवर, आणि कुठे येणार हे आधी सांगत नाही. शोपाँने असे पन्नासहून जास्त माझुर्के पियानोसाठी लिहिले. माझ्या वाट्याला आलेला त्याने 1827 साली, वयाच्या सतराव्या वर्षी लिहिला. सतराव्या वर्षी मी तुमसरला मामाकडे राहून बारावीत गणितात राहिलो होतो, त्यामुळे तुलना नको.

या माझुर्क्यात पहिल्याच ओळीत तीव्र मध्यम लागतो. गंधार कोमल, मध्यम तीव्र. मधुवंती ऐकलेल्या माणसाचे कान तिथे टवकारतातच. त्याच संचातल्या तिसऱ्या माझुर्क्यात मधल्या भागाला डावा हात षड्ज-पंचम धरून ठेवतो तो सोडतच नाही. पोलंडच्या खेड्यात दूडी नावाचं पिशवीचं वाद्य असतं, मशकबीनच्या जातीचं, त्याचा तो अखंड सूर. आपल्या भाषेत सांगायचं तर तानपुराच. हे वाचलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. गावातला नाच, तीन मात्रा, तीव्र मध्यम, खाली सा-प. हे संगीत नागपुरात चौथ्या मजल्यावर वाजवायचं कशाला? याची जागा मंडईत आहे. माझ्या सासुरवाडीला, बपेऱ्यात.

ज्यांना बपेरा माहीत नाही त्यांच्यासाठी: भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. तुमसरहून सिहोऱ्याच्या रस्त्याने निघालं आणि महाराष्ट्र संपेपर्यंत उतरायचं नाही असं ठरवलं की बपेरा येतं. पुढे बावनथडीवरचा पूल, पुलापलीकडे मध्य प्रदेशचा बालाघाट. चहूकडे धानाच्या बांध्या. दिवाळी झाली की या पट्ट्यात गावोगाव मंडई भरते, शेजारच्या दोन गावांची सहसा एकाच दिवशी येत नाही, म्हणजे पाहुण्यांना दोन्हीकडे जेवता येतं. दिवसा बाजार, गोवाऱ्यांची ढाल, पाळणे, जिलबी. रात्री दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, नाहीतर नाटक, तेही पहाटेपर्यंत.

बायकोला मी बेत सांगितला तेव्हा ती हरभऱ्याची भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मंडईत पोलंडचा नाच?"

"गावचाच नाच आहे तो."

"कोणत्या गावचा?"

मग मी हुकमी पत्ता टाकला. दुसऱ्या महायुद्धात रशियातून सुटलेले पोलिश लोक, बहुतेक बाया आणि पोरं, हिंदुस्थानात आले होते. त्यातले जवळपास पाच हजार 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला छावणीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती. वॉर्सामध्ये आज कोल्हापूरचं नाव असलेलं स्मारक आहे, 2024 साली आपले पंतप्रधान तिथे फुलं वाहून आले. पोलंडचं राष्ट्रगीतच मुळी माझुर्क्याच्या चालीत आहे. पाच हजार पोलिश माणसं पाच वर्षं महाराष्ट्राच्या मातीत राहिली आणि एकदाही तीन मात्रांवर टाच आपटली नाही, असं होईल का? तेव्हा माझुर्क्यावर महाराष्ट्राचा हक्क आहे.

"कोल्हापूर कुठं, बपेरा कुठं," ती म्हणाली. "मधे अख्खा महाराष्ट्र आहे. तुम्ही तिकडेच जाऊन वाजवा ना." आणि भाजीची परात घेऊन उठली. लग्न टिकवणाऱ्या माणसाने अशा वाक्याचा अर्थ ‘हो’ असा घ्यायचा असतो.

की-बोर्ड गोधडीत गुंडाळून एसटीने नेला. तुमसरच्या स्टँडवर एका आजीने, आत लेकरू आहे का, म्हणून विचारलं. नाही म्हटलं तर तिने गोधडीकडे आणि माझ्याकडे आलटूनपालटून पाहिलं आणि जागा बदलली.

आता शोपाँची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढची अर्धी आपत्ती तिच्यातून आली. 1824 सालच्या उन्हाळ्यात हा चौदा वर्षांचा पोरगा शाफार्न्या नावाच्या खेड्यात सुट्टीला गेला होता. घरी पत्रं लिहायची तर त्याने खोटं वर्तमानपत्रच काढलं, ‘कुरियर शाफार्स्की’. वॉर्सातल्या खऱ्या ‘कुरियर वॉर्शाव्स्की’ची नक्कल. त्यात स्वतःच्या फजितीच्या बातम्या, तृतीय पुरुषात, स्वतःच्याच नावाची अक्षरं उलटसुलट करून ‘पिशोन’ या नावाने. त्यातल्या एका अंकात बातमी आहे की कुंपणावर बसून गाणाऱ्या एका गावच्या पोरीचं गाणं पिशोनला इतकं आवडलं की पुन्हा म्हणावं यासाठी त्याने तिला तीन ग्रोश देऊ केले, आणि आढेवेढे घेऊन ती गायली.

मला ही कल्पना फार भावली. आधी गावचं गाणं ऐकावं, मग आपलं ऐकवावं. बपेऱ्याला पोचलो त्याच दुपारी मी मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, बांधीवर गेलो. हलकं धान कापणं चालू होतं. बायांची रांग वाकून सरकत होती आणि टोकाच्या एक काकू खरंच काहीतरी गुणगुणत होत्या. मी बांधावर उभा राहिलो, खिशातून वीसची नोट काढली आणि म्हटलं, "काकू, ते गाणं जरा पुन्हा म्हणता का?"

काकूंनी विळा थांबवला. नोटेकडे पाहिलं, माझ्या इस्त्रीच्या पॅन्टकडे पाहिलं.

"तुमीच म्हना जी जावईबापू," त्या म्हणाल्या. "वीस मी देईन."

रांगभर हसू पसरलं ते थेट दुसऱ्या बांधीपर्यंत. संध्याकाळी घरी येईपर्यंत ही बातमी माझ्या आधी सपरीत येऊन बसली होती. शोपाँने स्वतःच्या फजितीचं वर्तमानपत्र स्वतः काढलं. बपेऱ्यात ती सोय गाव करतं.

रात्री तालमीला मेहुणा आणि ढोलकीवाले काका आले. काका दंडारीत अर्धं आयुष्य घालवलेले, अंगठा डांबरासारखा कडक. मेहुण्याने कागदावरचं नाव इंग्रजी वळणाने मोठ्यांदा वाचलं, "चोपीन." काका दचकले. "कोनाले?" त्यांनी विचारलं.

मी वाजवायला सुरुवात केली. काका पहिल्यांदा नुसते ऐकत होते, मग मांडीवर बोटं चालवू लागले, मग थांबले.

"सम कुठं हाये जी याची?"

"पहिल्या मात्रेवर."

"अन् जोर?"

"तिसऱ्यावर. कधी दुसऱ्यावर."

काकांनी विचार केला. "मंग सम कायले ठेवली?"

या प्रश्नाला जगात उत्तर नाही. मी पुन्हा वाजवलं. काकांनी आता ढोलकी घेतली आणि दादऱ्याचा ठेका धरला. चारपाच आवर्तनं झाली आणि आम्ही दोघे दोन वेगळ्या गावांना पोचलो. त्यांनी बोटं मोजली, मान हलवली आणि निकाल दिला: "हे तीनचं नाय जी. हे चारचं हाये. केरवा होय हा."

मला राग येणार होता, पण तेवढ्यात आठवलं की काका एकटे नाहीत. पॅरिसमध्ये विल्हेल्म फॉन लेन्झ नावाचा शिष्य शोपाँपुढे एक माझुर्का वाजवत असताना ऑपेराकार मेयरबेअर आत आला आणि ऐकून म्हणाला, हे दोन मात्रांचं आहे. शोपाँ म्हणाला, तीनच. तो नाही म्हणाला. शोपाँने स्वतः बसून वाजवलं, मोठ्याने मोजलं, पाय आपटले. एरवी फिका दिसणारा माणूस लालबुंद झाला. मेयरबेअर हलला नाही. पुढे चार्ल्स हाले या पियानोवादकानेही शोपाँला तोंडावर सांगितलं की तुम्ही वाजवता ते चार मात्रांचं होतं. शोपाँने आधी नाकारलं. हालेने तो वाजवत असताना शेजारी बसून मोठ्याने चार मोजले, ते बसले, तेव्हा शोपाँ हसला आणि म्हणाला, आमच्या देशाची ही खासियतच आहे.

मी ही हकीकत काकांना सांगितली. त्यांना ती फार आवडली. "म्हंजे त्याचंबी चुकत होतं," ते समाधानाने म्हणाले.

त्यांना तसं वाटू दिलं. खरा प्रकार वेगळा होता. शोपाँ ती मात्रा नाचणाऱ्याच्या उचललेल्या पायासाठी लांबवायचा. माझी मात्रा पुढची पट्टी सापडेपर्यंत लांबायची. डावा हात खालचा षड्ज मारून वर स्वरगुच्छाकडे उडी घेतो, ती उडी माझी दर तिसऱ्यांदा शेजारच्या पट्टीवर पडते. उजव्या हाताला सुरुवातीलाच एक कंप आहे, तो मॅडमच्या बोटांत भिंगरी होतो आणि माझ्या बोटांत दाराची कडी. पावसाळ्यात बांधावरून चालताना पाय ठेवायचा तिथे न पडता शेजारी पडतो आणि तरी माणूस चालतच राहतो, तशी माझी लय. हे सगळं मी ‘पोलिश खासियत’ या नावाखाली खपवायचं ठरवलं. परदेशी संगीताचा हा एक मोठा फायदा आहे, चूक कोणती आणि शैली कोणती हे विचारणारा गावात कुणी नसतो.

मंडईच्या रात्री दंडार दहाला सुरू होणार होती. मेहुण्याचं मंडळात वजन असल्याने त्याआधी ‘नागपूरचे आमचे जावई’ यांना थोडा वेळ मिळाला. किती मिळाला ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मैदान भरलेलं होतं. पुढे ताडपत्रीवर पोरं, मागे बाया, त्यामागे मोटारसायकलींवर तरुण मंडळी आणि सगळ्यात मागे बैलगाडीवर रेलून म्हातारे. मामाजी पहिल्या रांगेत खुर्चीवर, शेजारी एक निवृत्त गुरुजी, मफलरीसकट.

मी माईक घेतला. तिथे मला थोडं आवरायला हवं होतं, असं बायको म्हणते. मी पोलंडच्या तीन तुकड्यांपासून सुरुवात केली. 1795 नंतर हा देश नकाशावरूनच गेला, तो 1918 साली परत आला, हे सांगितलं. शोपाँ 1830 च्या नोव्हेंबरात वॉर्सा सोडून गेला तो पुन्हा गेलाच नाही, हे सांगितलं. मग ती कुंपणावरची पोर आणि तीन ग्रोश. पोरं एकमेकांना चिमटे काढू लागली होती. मग मी म्हटलं की 1849 साली तो पॅरिसमध्ये गेला, देह तिथेच पुरला, पण बहिणीने त्याचं हृदय वॉर्साला नेलं आणि ते आजही तिथल्या चर्चच्या खांबात आहे.

मैदान शांत झालं. मला वाटलं, पकडलं.

"कच्चं?" मागून आवाज आला.

"नाही, बरणीत. मद्यार्कात बुडवून."

"म्हंजे दारूत?"

"तसंच."

मोटारसायकलींकडून टाळ्या पडल्या. "मंग आमच्या बुडोबाचंबी ठेवा," कुणीतरी ओरडलं, "त्याचं तर आधीच बुडून हाये!" हशा इतका झाला की दंडारीचे सोंगाडी तोंडाला अर्धा रंग लावलेले विंगेतून बाहेर डोकावले. एवढा प्रतिसाद माझुर्क्याला मिळणार नव्हता हे तिथेच ओळखायला हवं होतं. मी मात्र खुर्चीवर बसलो आणि मेहुण्याला कागदावर उजेड पाडायला सांगितलं.

उजेड पाडला आणि तुडतुडे आले.

धानाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. कापणीच्या दिवसांत रात्री दिवा लागला की तपकिरी तुडतुड्यांची झड येते. मेहुण्याच्या बॅटरीच्या झोतात माझा कागद पांढराशुभ्र उजळला आणि पाहता पाहता त्याच्या पाचही रेघांवर तुडतुडे येऊन बसले. स्वरलिपीतला काळा ठिपका आणि कागदावर बसलेला तुडतुडा यांत, चष्मा घालूनही, फरक फक्त एवढाच की ठिपका जागा बदलत नाही. मी पहिल्या दोन ओळी बऱ्या वाजवल्या. तिसऱ्या ओळीत मी निदान दोन तुडतुडे वाजवले. त्यातला एक, खरं सांगतो, बरा लागला. पण पुढच्या क्षणी तो पंचमावरून उडून निषादावर बसला आणि मी त्याच्या मागे गेलो.

फुंकर मारली, गेले नाहीत. डाव्या हाताने झटकले. झटकताना मनगट कुठल्यातरी बटणावर पडलं आणि की-बोर्डने आपण होऊन ठेका सुरू केला. कंपनीने भारतीय ग्राहकांसाठी आत भरलेल्या तालांतला तो दांडिया होता, पूर्ण आवाजात, मंडळाच्या दोन्ही कर्ण्यांतून.

मैदान उठलं. खोटं नाही, अक्षरशः उठलं. आधी पोरं, मग पोरांना धरायला उठलेल्या बाया, मग मोटारसायकली. बटण शोधायला मला उजेड हवा होता आणि मेहुणा बॅटरी हवेत फिरवत नाचत होता; त्याला वाटलं हे सगळं ठरवूनच आहे. काकांनी ढोलकी चढवली. आता त्यांना सम सापडली होती आणि ती ते काही केल्या सोडणार नव्हते. दांडियावर मी शोपाँचा कोमल गंधार लावून पाहिला, तो कुणाला ऐकू गेला नाही. माझ्या उजव्या हाताने तसाच पुढे जायचा प्रयत्न केला हे मी त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो. शेवटी काकांनीच पायाने वायर ओढली.

शोपाँने मरताना सांगून ठेवलं होतं की माझे न छापलेले कागद जाळून टाका. त्याचा मित्र फोंताना याने घरच्यांच्या संमतीने 1855 साली ते छापले, त्यातच हा ओपस 68. मरणाऱ्याचा शब्द मोडू नये म्हणतात त्यात तथ्य असावं.

वायर पुन्हा लागली. मैदान तापलेलं होतं, मला खाली उतरू देईना. "जावई, गानं! गानं!" कुणी ‘झिंगाट’ मागितलं, ते मला येत नव्हतं. तेव्हा गुरुजी उठले, मफलर सारखी केली आणि म्हणाले, "मुकेशचं काही येतं का? ‘मधुमती’तलं?"

येत होतं. ‘मधुमती’तलं ते मुकेश आणि लताचं द्वंद्वगीत, जंगलात हुंदडणारं, माझं पाठ होतं. आणि मला एकदम काय सुचलं सांगू! 1958 साली सलील चौधरींनी ती चाल पोलंडच्या सायलीसियातल्या एका जुन्या लोकगीतावरून घेतली होती, रानात जाणाऱ्या पोरीचं गाणं आहे ते. तीन मात्रांचं. म्हणजे बपेरा स्वतःहून पोलंड मागत होता! मी वाजवलं. गुरुजी गायले, चांगले गायले. बाया गायल्या. बैलगाडीवरच्या म्हाताऱ्यांनी ताल धरला, आणि काकांचा दादरा पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेही चारचा झाला नाही. मामाजींना मी आयुष्यात पहिल्यांदा मान डोलावताना पाहिलं. इथे उठून नमस्कार करून जेवायला जाणारा माणूस शहाणा ठरला असता.

मी माईक घेतला. "मंडळी, आता जे तुम्ही गायलात ना, ते मूळ पोलंडचं!"

गुरुजींचा चेहरा बदलला. "काय म्हणालात?"

"चाल पोलिश आहे, गुरुजी. लोकगीत."

"सलीलदांनी चोरली म्हणता?"

"चोरली नाही हो. लोकगीत कुणाचं एकट्याचं..."

"सलील चौधरी बंगाली होते," मामाजी खुर्चीतून म्हणाले, वाद मिटवण्याच्या सुरात.

"बंगालीच. चाल पोलिश."

"मघाशी तुम्हीच सांगितलं," गुरुजी आता मैदानाकडे वळले, शाळेत वळत असतील तसे, "की तुमच्या त्या शोपाँनं कुंपणावरच्या पोरीचं गाणं तीन पैशात घेतलं. ते चालतं. आणि आमच्या सलीलदांवर आरोप?"

मला सांगायचं होतं की शोपाँने त्याच्या माझुर्क्यांत लोकधून सहसा जशीच्या तशी उचललेली नाही, तो त्यातली चाल नव्हे, चालण्याची ढब घ्यायचा. आणि सलीलदांनी तर उघड्या रानातली चाल उचलून पुन्हा रानातच नेऊन ठेवली, याला चोरी कोण म्हणेल. चांगलं भाषण होतं ते. पण मागून "तीन पैसे! तीन पैसे!" असा गजर सुरू झाला होता, आणि दुपारी धान कापणाऱ्या त्या काकू बायांच्या घोळक्यातून उभ्या राहून "वीस रुपये बोलले होते जी मला!" म्हणून साक्ष देत होत्या. भाव वाढल्याबद्दल माझ्या नावाने टाळ्या पडल्या.

दंडारीच्या मास्तरांनी मला सोडवलं. गळ्यात टाळ, अंगात अर्धा रावण अशा अवस्थेत ते स्टेजवर आले, माझ्या हातातून माईक काढून घेतला आणि की-बोर्डकडे पाहत खालच्या आवाजात म्हणाले, "पेटीचा भाता फाटला हाये आमच्या. बाजा राहू द्या इथं. तुमी जेवून घ्या." विनंतीत आणि आज्ञेत फरक असतो, पण रावणाच्या तोंडून तो कळत नाही.

मी जेवून घेतलं. पहाटेपर्यंत घरात ऐकू येत होतं. मास्तरांचा पेटीवाला पोरगा त्या की-बोर्डवर एका बोटाने सूर धरत होता आणि अधूनमधून, मुद्दाम, दांडियाचं बटण दाबत होता. प्रत्येक वेळी मैदान ओरडत होतं.

सकाळी मेहुणा एकटाच परत आला. भाता शिवून व्हायला वेळ लागेल, म्हणाला. सिहोऱ्याची मंडई व्हायची होती, चांदपूरकडच्या दोन गावांचं बोलणं होतं. बायकोने ही बातमी ऐकली आणि मला वाढताना पुरी जरा मोठी वाढली. परतीच्या एसटीत आमच्या मांडीवर काही नव्हतं आणि ती खिडकीशी बसून बराच वेळ गुणगुणत होती. ‘मधुमती’तलंच. पोलिश आहे, असं मी म्हटलं नाही.

नागपुरात मॅडमनी विचारलं, "काका, कसा झाला माझुर्का? लोकांपर्यंत पोचला का?"

"लोक नाचले," मी म्हटलं. शब्दशः खरं होतं.

मॅडमना भरून आलं. वर्गातल्या एकाही मुलाच्या वाजवण्यावर आजवर कुणी नाचलेलं नव्हतं. त्यांनी कपाट उघडून एक जाडजूड वही काढली, धूळ झटकली आणि माझ्यापुढे ठेवली. शोपाँचीच, पोलोनेझ. "तुम्ही आता याला तयार आहात," त्या म्हणाल्या. "आणि घाबरू नका काका. यातही तीनच मात्रा आहेत."